बिनरंगाचं तोरण

मी एक जुनी गोणी आहे. तागाची, जाड विणीची, अंगाला खाजरी. मित्रांनो, हसू नका. तुमच्या घरची तूर कोरडी राहते ती माझ्याच भाऊबंदांच्या पोटात. कोलकात्याकडच्या गिरणीत माझा जन्म झाला आणि हमालांच्या पाठीवरून फिरत फिरत मी पांढुर्ण्याला वसंत गुरुजींच्या घरी आले.

गुरुजी मोठे टापटिपीचे. माझं तोंड शिवतानासुद्धा टाके एकसारखे घालायचे, उंदीर लागू नये म्हणून मला फळीवर ठेवायचे. अशी कदर गोणीच्या वाट्याला सहसा येत नाही. मी नुसती फुशारून गेले होते.

या उन्हाळ्यात गुरुजी गेले. त्यांच्या पत्नी अनुराधाबाईंनी भिंतीवरची चित्रं उतरवली, दारातली रांगोळी बंद केली. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. मग मला कोण विचारतो? मी रिकामी होऊन मागच्या खोलीत धूळ खात पडले.

दसरा जवळ आला. शेजारीपाजारी झेंडूच्या राशी पडल्या आणि आमचं घर तेवढं भकास. अनुराधाबाईंना ते सोसवेना. घर खायला उठतं म्हणून त्यांनी लोधीखेड्याला भावाकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. पेटीसुद्धा भरून दाराशी ठेवली. त्यांची सून धनश्री, सौसरची लेक. सासूनं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण नुसतं रडून, विनवून त्या थांबणार नव्हत्या. घर पाहवेल असं करावं म्हटलं, तर दुःखाच्या वर्षात रंगाला बंदी.

पण काय डोकं लढवलं पोरीनं! रंग नको ना, मग रंगच नको. तिनं मला बाहेर काढलं, रिठ्याच्या पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं. ओळखीच्या शेतातून कापसाची उकललेली बोंडं आणली. भुट्ट्याचे पांढुरके पापुद्रे भिजवून त्यांची फुलं वळली. तोरणाची पट्टी कापायला कात्री माझ्यावर चालली तेव्हा मी मनातल्या मनात बोंबललेच. पण पट्टीच्या कडेचे धागे तिनं असे काही मोकळे सोडले की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. मातीचा, वाळल्या पानाचा, कोऱ्या सुताचा, एवढेच काय ते रंग. तरी नजर हटेना.

एके दुपारी अनुराधाबाई बाहेर आल्या आणि माझ्यापुढे थबकल्या. धनश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. आता बोलणी बसणार, असं मलाही वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, याला रंग लावला का.

"नाही आई," ती म्हणाली. "जे जसं होतं, तसंच ठेवून राहिली मी."

बाई खाली बसल्या. एक फूल सोडवून त्यांनी पुन्हा नीट वळलं, मग दुसरं घेतलं. त्या बोटांचं काय वर्णन करू! कोरड्या पापुद्र्याला शेवंतीची ऐट आली. त्यानंतर जेवणं उरकली की दोघी रोज माझ्याजवळ येऊन बसायच्या. बोलणं थोडंच. पण पेटी काही दारातून हलली नव्हती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अनुराधाबाईंचे लोधीखेड्याचे थोरले बंधू भगवंतराव त्यांना न्यायला गाडी घेऊन आले. मी नुकतीच तोरण होऊन चौकटीवर चढले होते. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वर्ष सरलं नाही आणि दाराला तोरण, लोक तोंडात शेण घालतील, असं ते बहिणीला सुनावू लागले. धनश्री कावरीबावरी होऊन मला उतरवायला पुढे झाली.

अनुराधाबाईंनी तिचा हात धरला.

"सण नाही करून राहिलो, दादा," त्या म्हणाल्या. "घर हाय आमचं. ते घरासारखं ठेवून राहिलो."

भगवंतराव पेटी उचलायला वाकले, तशा बाई म्हणाल्या, "राहू दे ते. मागच्या दाराचं तोरण व्हायचं हाय अजून. ही एकटी कशी करन?"

धनश्री भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडली. खरं सांगते, अशी सून आणि अशी सासू एका घरात पाहायला मिळाली, माझ्या जन्माचं सार्थक झालं.

मित्रांनो, जुनी गोणी दिसली तर चुलीत घालू नका, एवढं माझं मागणं आहे. आणि दुःखातल्या घरी गेलात तर त्या माणसाला नुसतं 'रडू नका' असं सांगून परतू नका. त्याच्या हातात काहीतरी काम द्या आणि शेजारी बसा.