कोंडाचा वाटा

देवीचा खटला जिंकला म्हणून गोपाळकृष्ण वकिलांच्या रत्नागिरीच्या घरी पेढे वाटणं चाललं होतं. देवळाची जमीन कुणीतरी बळकावली होती. वकिलांनी देवीलाच फिर्यादी केलं. कायद्यात देवीला माणसासारखे हक्क आहेत, फक्त तिच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं. वकील बोलले आणि त्यांचं नाव झालं.

तेवढ्यात दापोलीकडची चिमा कातकरीण पायरीशी येऊन बसली. वकिलांच्या तिकडच्या आंब्याच्या कलमांच्या बागेखाली तिची वाडी. बागेतल्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, वकिलांचे वडील दरवर्षी दगडमातीचा बांध घालत, पण एका कडेला वाट मोकळी ठेवत. ते पाणी खालच्या डोहात, म्हणजे कोंडात जाई आणि वाडी ते पिई. यंदा वकिलांनी नव्या कलमांसाठी सिमेंटचा बांध घातला आणि वाट बुजवली.

"सायबा, कोंड आटत चाललाय. देवीसाठी भांडलास, आता कोंडासाठी भांड की."

"अगं, पाण्याला कायद्यात हक्क नसतो. देवीची गोष्ट निराळी."

"आमची देवी त्याच पान्यात हाय."

वकील हसले. हातावर पेढा ठेवून त्यांनी तिची बोळवण केली. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई मात्र हसल्या नाहीत.

"देवीला बोलता येत नाही म्हणून तुम्ही बोललात. कोंडाला तरी कुठे बोलता येतं? की बांध आपला, म्हणून वाचा बसली?"

"एवढा मे जाऊ दे. कलमं मरतील."

"आणि माणसं?"

वकिलांना ते पटलं. तरी बांध तसाच राहिला. शिकलेल्या माणसाला पटतं लवकर, पण हात हलत नाही, हे तुम्हां-आम्हांला काय सांगायचं!

मेअखेर वकील बागेत गेले. खाली वाडीत शुकशुकाट होता. कोंडाच्या चिखलात चिमा एकटीच होती, शेजारी मडकं, मडक्यात बोटाएवढे मासे.

"बाकीची कुठे गेली?"

"पानी हाय तिकडं. मासं हंड्यांत घालून नेलं."

"प्यायच्या हंड्यांत? खाल्ले का नाहीत?"

"कोंडातला मासा आमी खात नाय. तो कोंडाचा." चिमानं मडकं डोक्यावर घेतलं. "आमी कुठंबी पानी मागू. त्याला मागता येतंय व्हय?"

ती निघून गेली. वकिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पहार आणली आणि हाताची सालं निघेस्तोवर स्वतः बांध फोडला. साठलेलं पाणी खाली धावलं. वाडी मात्र परत आली नाही, पुढच्या वर्षीही नाही.

मंडळी, पाण्याचा हक्क कायद्यात यायचा तेव्हा येईल. तोवर ज्याला मागता येत नाही, त्याचा वाटा न मागता सोडावा, आणि वेळेवर सोडावा. गोपाळकृष्ण वकिलांचा कोंड आता बारमाही भरलेला असतो. प्यायला कुणी नाही.