सुभेदारांची पाण्याची बाटली

मित्रांनो, मी लष्करातली एक जुनी पाण्याची बाटली आहे. अंग ॲल्युमिनियमचे, त्यावर खाकी लोकरीचे आवरण. १९७१ साली मी कमलाकर नावाच्या बावीस वर्षांच्या जवानाच्या कमरेला लागले आणि जन्मभर त्यांचीच झाले.

त्याच वर्षी डिसेंबरात युद्ध पेटले. सीमेवरच्या एका चौकीसाठी आमची तुकडी दोन दिवस लढली. तिसऱ्या दिवशी दारूगोळा संपला आणि मांडीत गोळी लागलेले कमलाकर शत्रूच्या हाती सापडले. पुढचे वर्ष कैदेत गेले. कोठडीला खिडकी नव्हती, वर वीतभर झरोका होता. त्यातून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहत ते माझ्यातले दोनच घोट पीत. पाणी दिवसातून एकदाच मिळे.

सुटून पनवेलला आले आणि त्यांना उघड्या रानाचे वेड लागले. सुट्टीत आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर तर रोजच, मला खांद्याला अडकवून ते निघत. कर्नाळ्याचे जंगल, प्रबळगडाची चढण, माणिकगडाची वाट त्यांना पाठ होती. वाटेत कोणी धापा टाकत बसलेले दिसले, की आधी मला पुढे करत. “काका, पाणी काय गार आहे,” असे कोणी म्हटले, की मला धन्य वाटे. कैदेविषयी मात्र त्यांनी घरात कधी अवाक्षर काढले नाही.

गेल्या वर्षी सुभेदार न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. नवीन पनवेलमधले घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा जहाजावर नोकरीला, म्हणून सारा भार सून अरुंधतीवर आला. ती नोकरीवर गेलेली असताना ते एकदा कठड्याला धरून जिना उतरू लागले आणि पडले. कपाळाला सहा टाके पडले. तेव्हापासून अरुंधती बाहेरून कुलूप लावून जाऊ लागली.

मी त्यांच्या उशाशी असे. कुलूप फिरल्याचा आवाज झाला, की त्यांची बोटे माझ्याभोवती आवळत. मग ते खिडकीचे गज धरून तासन् तास बसून राहत. जेवण ताटात तसेच राही. माझे पाणीही संपत नसे.

एके संध्याकाळी अरुंधतीने मला हलवून पाहिले. “बाबा, दिवसभरात एवढंच पाणी प्यायलात?”

“तिथे एवढंच मिळायचं.”

“तिथे कुठे?”

मग पन्नास वर्षांत न सांगितलेले ते सारे सांगत गेले. शेवटी म्हणाले, “तुझा दोष नाही, पोरी. तू काळजीपोटी कुलूप लावतेस. पण ते फिरलं, की मी या घरात नसतो.”

अरुंधती बराच वेळ त्यांचा हात धरून बसली. दुसऱ्या दिवसापासून कुलूप लागले नाही. शेजारच्या मनिषाताई दुपारी त्यांच्या सोबतीला येऊन बसू लागल्या. रविवारी तिने बोलावलेला सुकापूरचा रिक्षावाला जगन दोन मित्रांना घेऊन आला. सुभेदारांना जिन्यावरून खाली न्यायला त्यांनी त्यांना खुर्चीत बसवून ती उचलली.

“आजोबा, तुमी निवांत बसा. आमी हाय ना, पडू देनार नाय,” जगन म्हणाला.

रिक्षाने कर्नाळ्याच्या पायथ्याशी पोहोचल्यावर एका झाडाखाली खुर्ची ठेवली. सुभेदारांनी चपला काढून पाय मातीवर टेकवले. अरुंधती काही बोलणार तोच त्यांनी तिला खुणेने थांबवले. दूर कुठेतरी तांबट पक्षी टुकटुकत होता. दोघे ऐकत राहिले.

असे अकरा रविवार मिळाले. माघात सुभेदार झोपेतच गेले.

आता मी त्यांच्या पदकांशेजारी काचेच्या कपाटात आहे. आत थेंबभर पाणी नाही, झाकण घट्ट बसले आहे. येणारे जाणारे म्हणतात, किती छान जपलंय. मित्रांनो, मी वस्तू आहे, मला असे जपून ठेवले तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस खिडकीशी बसलेले असेल, तर त्याच्याजवळ जा आणि विचारा, “आजोबा, तुम्हाला कुठे जायचंय?”