माझ्या कपाळी 'ढकला'

मी ढकला बोलतोय. असलं नाव कुठल्या माशांच्या पेटीला असतं का, असं तुम्ही विचाराल. नसतंच. पण माझ्या समोरच्या काचेवर ठसठशीत अक्षरांत 'ढकला' असं लिहिलेलं आहे. नशीब कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. लोक मला मत्स्यालय म्हणतात. माझी हकिगत ऐकल्यावर तुम्ही मत्सरालय म्हणालात तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म झाला तो हट्टातून. आमच्या घरचे बाबा काचवाले. खिडक्यांना, कपाटांना, दुकानांच्या दारांना काचा बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यांची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिला मासे पाळायचे होते.

"अहो, बाजारात छान तयार टाक्या मिळतात," आई म्हणाली. "एक आणून टाका ना."

बाबांना ते लागलं. "काचवाल्याच्या घरात काच विकत आणायची? लोक तोंडात शेण घालतील!"

मग जमवाजमव सुरू झाली. तळाला कपाटातली काचेची फळी, बाजूंना आणि मागे जुन्या खिडकीच्या काचा, आणि समोर एका बंद पडलेल्या दुकानाच्या दाराची काच. 'ढकला' हे तिच्यावर कोरलेलंच होतं, त्यामुळे कितीही खरवडलं तरी निघेना. बाबा ती बाजू भिंतीकडे लावणार होते. भिंगरी म्हणाली, "नाही बाबा, पुढेच लावा. त्याला नाव नको का?" झालं, माझं बारसं उरकलं.

पण बारशाआधी माझी फजिती व्हायची होती. खिडकीची काच चौकटीत अडकू नये म्हणून ती मापापेक्षा नेहमी दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी कापतात. बाबांचा हात तीस वर्षं तसाच वळलेला. माझ्या वेळीही तो सवयीने दोन सूत कमी चालला. मला चौकट कुठे होती? माझी तर काचेला काच चिकटायची होती! पहिल्यांदा पाणी भरलं आणि अर्ध्या तासात कोपऱ्यातून धार लागली. आई फडकं घेऊन धावली. बाबा डोक्याला हात लावून जमिनीवर बसले.

"लोकांच्या काचा बिनचूक बसवल्या आणि पोरीच्याच काचेला चुकलो," ते म्हणाले.

भिंगरी त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली. "चुकलं तर चुकलं. परत चिकटवू."

दोघांनी ती फट सिलिकॉनने बुजवली. चांगली बोटाएवढी जाड शिवण झाली. आठ दिवस मी तसाच वाळत होतो आणि घरभर आंबूस वास सुटला होता. भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "वाळला का?" नवव्या दिवशी बाबांनी माझ्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि काठोकाठ पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा ठणठणीत. भिंगरीने तो घडी करून वहीत ठेवून दिला.

माझ्यात आला एक नारिंगी मासा. सकाळ-संध्याकाळ चारही कोपऱ्यांची तपासणी करत फिरायचा, म्हणून त्याचं नाव इन्स्पेक्टर. दोन वर्षं आम्ही दोघांनी राज्य केलं. भिंगरी अभ्यासाला माझ्याजवळ बसायची आणि गणित अडलं की इन्स्पेक्टरला विचारायची. पाहुणे अक्षरं वाचून हसायचे. एकदा भिंगरीचा मामा म्हणाला, "भावोजी, खरंच ढकलू का?" बाबा हसले, पण हात माझ्यामागे धरूनच.

त्याच मामाने घात केला. भिंगरीच्या दहाव्या वाढदिवसाला तो एक भलामोठा खोका घेऊन आला. आत होता रेडीमेड! त्याचं काय वर्णन करू? समोरची काच कमानीसारखी वाकवलेली. शिवण शोधून सापडणार नाही. झाकण काय, झाकणात दिवा काय, बुडबुडे काढणारं यंत्र काय! वर सोबत चार चपळ चंदेरी मासे. नवा जावई घरात शिरावा तसा तो माझ्या टेबलावर चढून बसला.

बाबा त्या वाकवलेल्या काचेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत होते. "सुरेख काम आहे," ते हळूच म्हणाले. "मला नसतं जमलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इन्स्पेक्टरला जाळीने उचलून तिकडे सोडलं आणि मला गॅलरीत ढकललं. माझ्यात कपड्यांचे चिमटे आले, मोडकी छत्री आली, एका पायाचा बूट आला. दारातून मला तो उजेडात झगमगणारा नटवा दिसायचा. भिंगरी आता त्याच्याजवळ बसून गणितं करायची. मी कोरडा पडलो होतो, पण आतून जळत होतो. खोटं कशाला बोलू, रोज देवाजवळ मागायचो की याला एक तडा जाऊ दे. छोटासा चालेल. तडा गेला तर इन्स्पेक्टर फरशीवर तडफडेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हेवा माणसाला आंधळं करतो म्हणतात. मी तर काच, आरपार दिसणारी, तरी मला दिसलं नाही.

तीन महिने गेले. एका रविवारी आई म्हणाली, "इन्स्पेक्टर बाकी चांगला बाळसेदार झालाय हं." बाबा चहा पिता पिता थबकले. त्यांनी कप ठेवला, रेडीमेडचं झाकण उचललं आणि वरून आत पाहिलं.

"भिंगरे, इकडे ये. वरून बघ."

भिंगरीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, हा तर काडी झालाय!"

"वाकवलेली काच आहे ती, फुगवून दाखवते. ते चौघं चपळ आहेत. दाणे खाली यायच्या आत फस्त करतात. याला उपाशी ठेवलं गं आपण."

भिंगरी रडवेली झाली. "ढकला आणा," ती म्हणाली. "त्याच्यात खरं दिसायचं."

काय सांगू मला काय वाटलं! बूट, छत्री, चिमटे बाहेर पडले. बाबांनी मला धुतलं, पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि तिघंही त्या कागदाकडे बघत बसली. तीन महिने उन्हात तापलेली माझी शिवण. तिने दगा दिला असता तर इन्स्पेक्टरला जायला दुसरी जागा नव्हती. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. कागद कोरडा राहिला.

इन्स्पेक्टर परत आला. पहिले दोन दिवस कोपऱ्यात नुसता पडून होता. मग दाणा तोंडात धरू लागला, मग अंग धरू लागला. आता मनातलं काळं सांगतो: त्याने पुरतं बरं होऊ नये असं मला वाटत होतं. बरा झाला की तो जाणार होता ना! अकराव्या दिवशी त्याने चारही कोपऱ्यांची तपासणी केली. भिंगरीने टाळ्या पिटल्या आणि मला माझीच लाज वाटली.

मोठ्या पाण्यात त्याला हिंडता येतं, म्हणून तो परत तिकडेच गेला. आता भिंगरी चौघांना एका टोकाला गुंतवते, इन्स्पेक्टरला दुसऱ्या टोकाला भरवते आणि रोज झाकण उचलून वरून बघते. आई मला पुन्हा गॅलरीत ठेवायला निघाली होती. भिंगरी आडवी आली. "नाही हं. ढकला इथेच. भरलेला. कोणी वाळलं तर?"

तेव्हापासून मी खोलीतच एका स्टुलावर आहे. काठोकाठ भरलेला आणि रिकामा. माझ्याकडे कुणी यायचं, तर आधी कुणीतरी आजारी पडायला हवं. मी हेवेखोर खरा, पण एवढं मागायला माझीही जीभ रेटत नाही. म्हणून रोज म्हणतो, बाबांनो, कुणी येऊ नका.

हेवा गेला का म्हणता? छे! दोन सूत कमी झाला, एवढंच.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर त्या झगमगत्याला खुशाल बघा, त्याचं कौतुक करा. मग जरा खाली स्टुलाकडेही वळा. माझ्यावर लिहिलंय ते वाचा, हवं तर हसा. फक्त तसं करू नका.