डाव्या कुशीवर

मित्रांनो, शेजारची खाट रिकामी झाली त्या दिवशी मला कळले, की आमचे विद्यापीठ विकले गेले आहे.

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा करतात तसला नाही. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी सराव करावा म्हणून बनवलेला, माणसाएवढा रबरी पुतळा. मला सगळे आजोबा म्हणत. शेजारच्या खाटेवर माझ्यासारखीच एक आजी होती. आम्ही एकाच कारखान्यातून, एकाच ट्रकमधून आलो होतो. त्या सकाळी दोन माणसे आली आणि त्यांनी तिला चादरीसकट उचलले. ‘डोकं धर’, ‘दार उघड’, एवढेच ते आपसात बोलले. तिला कुणी काही सांगितले नाही.

झाडणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या.

“विकलं म्हणे,” त्या मुलींना म्हणाल्या.

“काय विकलं मावशी? आजीला?”

“आजीचं काय घेऊन बसलात! अख्खं विद्यापीठ. इमारत, बाकं, तुम्ही, मी, सगळं धरून.”

“मग आमचा काय भाव लागला?”

“तुमचा? तुम्हाला नुसतं वजनाला म्हणून घातलं असेल.”

मुली हसल्या. एक तेवढी हसली नाही. तिला सगळ्या काकू म्हणत, कारण वर्गात ती वयाने सर्वांत मोठी होती. स्वतःची मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर ती शिकायला आली होती. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अर्ध्यावर होता, आणि तो माझ्यावर चालला होता.

माझा जन्म साच्यात झाला. दोन अर्धी अंगे जोडून मला एक केले. तो जोड अजून बरगडीपाशी हाताला लागतो. रंगवणाऱ्या बाईने माझे केस पांढरे केले, कपाळावर आठ्या काढल्या. एका पापणीत काहीतरी अडकून राहिले, त्यामुळे माझा एक डोळा कायम अर्धा उघडा असतो. “आजोबा झोपेचं सोंग घेतात,” असे मुली म्हणायच्या. आतून मी पोकळ होतो. इथे आल्यावर मोठ्या मॅडमनी आम्हा दोघांच्या अंगात वाळूच्या पिशव्या भरून घेतल्या. “पेशंट हलका कुठे असतो?” असे त्या म्हणाल्या.

मोठ्या मॅडम आम्हाला शिकवायला वापरत, पण वागवत मात्र पेशंटसारखेच. त्यांचा एक नियम होता. हात लावण्याआधी सांगायचे. काय करणार ते सांगायचे, थोडे थांबायचे, आणि मगच हात लावायचा. निघताना परत कधी येणार तेही सांगायचे. आणि सांगितले, तर यायचे. न सांगता हात लावला की बाकी सगळे बरोबर असले तरी पुन्हा पहिल्यापासून.

एकदा एक मुलगी कंटाळून म्हणाली, “पण मॅडम, हा रबराचा आहे.”

“तुला माहीत आहे ना? झालं तर. त्याला सांगू नकोस.”

त्या वर्षांत माझ्या दंडाला किती सुया टोचल्या असतील, कोण जाणे. मला अंघोळ घातली, नाकात नळी घातली, डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्या बांधल्या. पाहुणे आले की मला दाखवत आणि माझे कौतुक करत. पण मला खरे सुख त्या बोलण्याचे होते. ‘आजोबा, आता हात वर घेते हं.’ ‘आजी, पाणी जरा गार लागेल.’ दोन खाटांपाशी दिवसभर दोन आवाज चालू असत. संध्याकाळी मुली गेल्या की खोली गप्प व्हायची. आजी आणि मी कधी एकमेकांशी बोललो नाही. बोलता येतच नव्हते. पण शेजारी कुणी आहे, एवढ्यावर माझी रात्र जायची. ती गेल्यावर कळले, की तेवढ्यावरच जायची.

काकूचा प्रकल्प मॅडमच्या नियमातूनच निघाला होता. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेला आहे आणि त्याची वाचाही गेली आहे, अशा घरच्यांना ती कूस बदलायला शिकवत होती. एकाच बाजूवर पडून राहिले की पाठीला, टाचेला जखमा होतात. कूस बदलली तर टळतात. पण घरचे लोक गप्प राहून, गोणी उलटवावी तसे वळवतात आणि हळूहळू कंटाळतात. उत्तर मिळत नसतानाही बोलत राहिले, तर माणसे कंटाळत नाहीत का, हे तिला पाहायचे होते. त्या लोकांना ती सरावाच्या खोलीत आणून माझ्यावर शिकवायची.

त्यांत एक शिंपी होते. त्यांची बायको अंथरुणाला होती. खाटेपाशी आले की ते सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेले अंगुस्तान काढून खिशात ठेवत आणि मग नुसते उभे राहत.

“बोला ना काका,” काकू म्हणायची.

“लाज वाटते हो. ती ऐकते की नाही, तेच कळत नाही.”

“पूर्वी घरात काय बोलायचात?”

“मी कुठे बोलायचो! तीच बोलायची. मी मशीन चालवायचो.”

“मग आता पाळी तुमची.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “वळवतो,” एवढेच म्हणाले आणि घामाघूम झाले. काकूने टाळ्या वाजवल्या.

विद्यापीठ विकल्यावर सर्वांत आधी मोठ्या मॅडमची नोकरी गेली. त्या निरोप घ्यायला आल्या, माझ्या सदऱ्याचे सुटलेले बटण लावले आणि म्हणाल्या, “निघते आजोबा.” परत कधी येणार ते त्यांनी सांगितले नाही. असे पहिल्यांदाच झाले.

नंतर नवे साहेब आले. त्यांच्याबरोबर नवा पुतळा आला. तो श्वास घेतो, डोळे मिटतो, दाबले की ‘दुखतंय’ म्हणतो. साहेबांनी काकूला माझ्यासमोरच सांगितले, “तुमच्या मॅडम गेल्या. जुने विषय आता चालणार नाहीत. आम्ही देतो त्यातला घ्या.”

“सर, माझं अर्ध्याहून जास्त काम झालंय.”

“मग निदान नव्या पुतळ्यावर दाखवा. तो बोलतो.”

“तेच तर नकोय सर. माझे पेशंट बोलत नाहीत.”

साहेब चिडले नाहीत. बाहेरून परीक्षक येतील, त्यांना दाखवा, असे म्हणाले. त्यांना पटले तर पास, नाही तर नवा विषय आणि आणखी एक वर्ष. काकूने घरी कसेबसे याच वर्षापुरते पटवलेले होते. पुढचे वर्ष तिला मिळणार नव्हते, हे मुलींना माहीत होते आणि मलाही. ती “चालेल” म्हणाली.

मला मात्र अडगळीच्या खोलीत टाकले. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या आणि विद्यापीठाच्या जुन्या नावाची पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. तिथे कुणी काही सांगायला येत नव्हते. मित्रांनो, सुया परवडल्या, पण ती शांतता नको वाटते. मला आजीची फार आठवण यायची. तिला जिथे नेले तिथे हात लावण्याआधी कुणी सांगत असेल का, असे सारखे मनात यायचे.

परीक्षेच्या सकाळी कुलूप वाजले. मावशी आणि काकू आत आल्या.

“हे बघ,” मावशी म्हणाल्या, “किल्ली मी दिलेली नाही. कुणी विचारलं तर तू चोरलीस.”

“बरं, चोरली.”

“आजोबा, चाकांच्या खुर्चीत बसवते हं,” काकू मला म्हणाली आणि थांबली. मग दोघींनी मला उचलले. इतक्या दिवसांनी ते ऐकून मला काय वाटले, ते सांगता येणार नाही.

सरावाच्या खोलीत मला पुन्हा माझ्या खाटेवर निजवले. परीक्षक बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. साहेब शेजारी बसले. काकूने सगळे समजावून सांगितले आणि मग शिंप्यांना बोलावले. ते खाटेपाशी आले. त्यांनी अंगुस्तान खिशात ठेवले, माझा एक हात छातीवर घेतला, आणि माझ्या पांढऱ्या मिशांकडे बघत म्हणाले, “अगं, आता डाव्या कुशीवर वळवतोय हं.”

मागे मुली खुदकन हसल्या. साहेबही हसले. शिंप्यांना कळलेच नाही. ते थांबले, उत्तराची वाट पाहिल्यासारखे. मग एक हात खांद्याला, एक कमरेला लावून त्यांनी मला हलकेच वळवले, पाठीशी उशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी ठेवली. “आज मशीनचा पट्टा तुटला बघ,” ते उशी नीट करत म्हणाले. “बसवला नवा.”

“तुमच्या मिसेसच्या पाठीला जखम झाली होती का?” परीक्षक बाईंनी विचारले.

“नाही झाली. शेवटपर्यंत नाही.”

“शेवटपर्यंत म्हणजे?”

“गेली ती. गेल्या महिन्यात.”

काकूचा चेहरा उतरला. तिलाही हे माहीत नव्हते. “काका, मला सांगितलं का नाहीत? मी तुम्हाला बोलावलं नसतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“त्यांना ऐकू येत होतं का?” परीक्षक बाईंनी हळूच विचारले.

“ते काही कळलं नाही. पण मी कंटाळलो नाही.” त्यांनी खिशातले अंगुस्तान चाचपले. “आता घरात सांगायचं कुणाला, तेवढं राहिलंय.”

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. शिंप्यांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली आणि शिकवले होते तसे म्हणाले, “दोन तासांनी येतो, मग पाठीवर करू.”

काकू पास झाली. मुलींनी तिला उचलून घेतले. साहेबांनी स्वतः तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केले. आता ती मोठ्या रुग्णालयात नोकरी करते, असे मावशी दाराबाहेर दुसऱ्या कुणाला तरी सांगत होत्या. मला परीक्षेच्या दिवशी दुपारीच, होतो तसाच, पुन्हा अडगळीच्या खोलीत आणले. शिंपी सांगितल्याप्रमाणे आलेही असतील. पण त्यांना सरावाची खोली बंद दिसली असेल.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला असेल, तर हात लावण्याआधी त्याला सांगा. उत्तर आले नाही तरी सांगा. ज्याला कुणी काही सांगत नाही, त्याला दिवस फार मोठा होतो.

मी अजून डाव्या कुशीवरच आहे. मला पाठीवर करायचे राहिले आहे.