अर्जातली मेहरबानी

प्रताप नगरातल्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर एकच गाणं वाजत होतं. दुसरीत शिकणारी काजल कपाटाच्या आरशापुढं स्नेहसंमेलनाचा नाच नाचायची, एकही पाऊल न चुकता. शाळेतला सराव मात्र तिनं मागच्या बाकावर बसून नुसता पाहिलेला. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं, मोफत प्रवेश मिळालेल्या सहा मुलांना शाळेनं प्रेक्षकांत बसवलं होतं.

लेकीला एकदा मंचावर पाहायला मेघाचा जीव तुटत होता. शेवटी तिनं अर्ज लिहिला आणि चुका तपासायला सासऱ्यांपुढं ठेवला. बाबनरावांनी चष्मा चढवला.

"'मेहरबानी करून'... 'उपकार विसरणार नाही'... काहून वं, काजल त्यायच्या घरी पाहुणी हाय का?"

"बाबा, फुकट शिकवून राहिले तिले. जास्त बोललं तर पोरीवर राग काढतील."

"फुकट नाही, हक्कानं. संविधानात हाय तिचा हक्क."

"सरकारनं दिला म्हणून ना? उद्या काढून घेतला तर?"

"काजलच्या नामकरणाले संविधानाची उद्देशिका कोणं वाचली होती?"

"मीच." घाईघाईनं वाचली होती, जेवणं खोळंबली होती.

"मंग सुरुवातीले कोण बोलते? सरकार?"

भिंतीवर चौकटीत लावलेल्या उद्देशिकेकडे न पाहताच मेघाच्या ओठांवर आलं, "आम्ही, भारताचे लोक."

"देणारा मालक कोणीच नाही त्यात. माणूस म्हणून जे आपलं होतंच, ते लोकांनी लिहून ठेवलं, कोणी मोडू नये म्हणून. माह्या आज्याले शाळेबाहेर पायरीवर बसवत. तेव्हाही तो माणूसच होता, पोरी. कागद तेवढा नव्हता. आता कागद हाय, अन् तू त्यावर मेहरबानी लिहून राहिली! अन् एकट्या काजलसाठीच काहून? बाकीचे पाच?"

मेघाला स्वतःचीच लाज वाटली. बाकीचे पाच तिच्या मनातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती पाच घरं फिरली. नव्या अर्जावर सहा मुलांची नावं होती, सहा आयांच्या सह्या होत्या आणि मेहरबानी कुठंच नव्हती.

"पाहू," अर्ज बाजूला ठेवत मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मेघानं अर्जाची दुसरी प्रत पुढं केली. ती म्हणाली, "पोच द्या, मॅडम."

सही-शिक्क्याची पोच मिळाली आणि तिसऱ्या दिवशी सहाही मुलं सरावाला उभी राहिली.

आपणच आपला हक्क उपकार म्हणून मागितला, की समोरचा दाता होतो आणि आपली लेकरं मागच्या बाकावर जातात. मेघाला हे कळायला एक अर्ज खोडावा लागला. आपल्यापैकी कितीजणांचे अर्ज अजून तसेच आहेत?

"आई, मॅडमले थँक्यू म्हणू काय?" काजलनं विचारलं.

"म्हण," मेघा म्हणाली. "नाच शिकवला म्हणून म्हण. उभं राहू दिलं म्हणून नाही."