विहिरीत उतरलेली राणी

राक्षसांचे भय मला कधी वाटले नव्हते. आठव्या वर्षी पाठशाळेत गेलो, तेव्हापासून पुराणांतील शेकडो राक्षसांशी माझा परिचय. परंतु तेथे प्रारंभी मंगलाचरण असते, अंती फलश्रुती असते, आणि कोणाचा वध कोणाच्या हातून व्हायचा हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते. म्हणून साठी उलटल्यावर चाकणच्या वाचनालयातून एका अद्भुत कादंबरीमालेचा पहिला भाग आणला, तो केवळ कुतूहलाने. तिसऱ्या दिवशी मी भर उन्हात स्वतःच्या सावलीकडे वळून पाहू लागलो.

त्या कथेतला असुर माणसांच्या सावल्या खातो. ज्याची सावली गेली, त्याचा हळूहळू सर्वांना विसर पडतो. जन्मदात्री आईसुद्धा त्याचे ताट मांडायचे विसरते. ग्रंथकाराने वाचकाला कोठेही अभय दिलेले नाही. वर नाही, उःशाप नाही. इतके निराधार लेखन मी कधी वाचले नव्हते. आणि सांगताना संकोच वाटतो, पण इतके सुंदरही क्वचितच.

त्याच सुमारास कुरुळीच्या गोजाबाईंनी मला बोलावणे पाठवले. त्यांची सून शकू हिला सातवा महिना होता. आधीची दोन्ही लेकरे जन्मतःच गेलेली. पोटातल्या जिवाच्या कानी चार पवित्र शब्द पडावेत, म्हणून रोज तिसऱ्या प्रहरी पोथी वाचायची होती. पोथीची यथासांग समाप्ती झाली, त्या दिवशी शकूने माझ्या पिशवीकडे बोट दाखवले.

"गुर्जी, ही दुसरी पोथी कशाची?"

"पोथी नव्हे, मुली. करमणुकीची कथा आहे."

"मग आमाला काय करमणूक नगं व्हय?"

मी नको म्हणेपर्यंत गोजाबाईंनी कादंबरी चौरंगावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलेदेखील. आणि मी जन्मभराच्या सवयीने हात जोडून वाचू लागलो. चूक तेथेच झाली. पोथी म्हणून मांडलेले वाचन अर्धवट सोडले, तर घरावर अरिष्ट येते, अशी त्या घराची श्रद्धा होती. खोटे कशाला बोलू, माझीही होती.

चौथ्या भागाच्या अखेरीस राणी हेमाक्षी आपल्या तान्ह्या मुलाची सावली सोडवण्यासाठी असुराच्या विहिरीत उतरते. पाचवा भाग वाचनालयात नव्हता. शकूची अन्नावरची वासना उडाली.

"राणी खाली हाय, गुर्जी. माज्या घशाखाली घास कसा उतरंल?"

"चांगली पोथी काढलीत!" गोजाबाई माझ्यावर कडाडल्या. "सून वाळत चालली माजी."

सुईण भागूबाई शकूला तपासून गेली. जाताना ओसरीवर हळूच म्हणाली, "असंच उपाशी ऱ्हायली, तर ह्येबी लेकरू हाती लागायचं न्हाई."

शकूचा नवरा मुरारी पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला होता. त्याने सुट्टीच्या दिवशी पुणे पालथे घालून पाचवा भाग मिळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या हाती आणून दिला. शकूपुढे नेण्याआधी मी तो वाचला. राणी मुलाची सावली काठावर फेकते, आणि तिच्या माथ्यावर पाणी मिटते.

ग्रंथातली एक मात्राही मी आयुष्यात बदलली नव्हती. त्या दुपारी कुरुळीच्या वाटेवर मी एक खोटे वाक्य रचत चाललो होतो. खोटे वाचले तर वाणीचा दोष, खरे वाचले तर त्या मुलीचा घात.

वाचता वाचता ती ओळ आली.

"राणीने काठाचा दगड धरला, आणि ती सुखरूप वर आली."

"गुर्जी," शकू म्हणाली. "तुमचं बोट हलंना."

ओळीखालून बोट फिरवत वाचण्याची माझी रीत. बोट पाण्यापाशीच अडले होते.

"आली ना वर? वाचा की वो फुडं!" गोजाबाईंनी मला डोळ्यांनी खूण केली.

"आत्याबाई, थांबा जरा. मला दोनदा असंच सांगितलंत तुमी, लेकरू निजलंय म्हून." शकूचा आवाज चढला नाही. "गुर्जी, लिवलंय त्येच वाचा."

मी वाचले. शकूने दोन्ही हात पोटावर धरले होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तोंडातून आवाज नव्हता.

"पोर वाचलं न्हवं?"

"वाचले."

"त्याची सावली?"

"परत आली."

"मग झालं." तिने पदराने तोंड पुसले. "आत्याबाई, भाकरी द्या."

गोजाबाई धावतच चुलीकडे गेल्या. शकू जेवू लागली. घासामागून घास, शांतपणे. मला समाधान वाटायला हवे होते; उलट अंगावर काटा आला. राणीने केलेला सौदा तिने मनोमन मान्य केला होता.

"मुली," मी म्हणालो, "ती कथा आहे. तुझे तसे व्हायचे नाही."

तिने वर पाहिले.

"ते कुठं लिवलंय, गुर्जी?"

इतकी शास्त्रे मुखोद्गत असून मला एक वचन आठवेना. गोजाबाईंनी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.