हात बसला नाही

आकडा आजही हलला. हेक्झेनच्या वाफेला नळीतून बाहेर पडायला काल जेवढा वेळ लागला, त्याहून आज भलताच लागला. ऋतिकाने कपाळावर हात मारला. नळी तीच, तापमान तेच, मग मेला आकडाच का तोच नाही?

वसईच्या कॉलेजात पीएचडीसाठी तिने घेतलेला विषयच मुळी हट्टी. आयनिक लिक्विड म्हणजे साध्या तापमानालाही पातळ राहणारं मीठ. त्याची स्वतःची वाफ काही होत नाही. म्हणून बारीक कणांवर त्याचा लेप द्यायचा, ते कण नळीत भरायचे, नळी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या मशीनमध्ये बसवायची आणि नायट्रोजनच्या प्रवाहाबरोबर हेक्झेनची वाफ आत सोडायची. वाफ किती रेंगाळते त्यावरून मिठाचा पृष्ठभाग तिला किती धरून ठेवतो ते कळतं. सोपं वाटतं ना? करून बघा! त्यात हे मीठ महातहानलेलं, हवेतलं पाणी पितं, आणि वसईच्या हवेत पाण्याला काय तोटा!

"तुझा हातच बसलेला नाही," तिचे गाईड प्रल्हाद सर म्हणत. आणि हळू म्हणत असतील तर शप्पथ! पार जिन्यापर्यंत ऐकू जाई. "सुई टोचायची आणि दट्ट्या दाबायचा, त्यात काय आहे एवढं?"

शेवटी विभागप्रमुख सँड्रा मॅडमनी बजावलं, शनिवारपर्यंत एकसारखी रीडिंग दाखव, नाहीतर हा विषय बंद. ऋतिकाने सुई बदलली, नळी पुन्हा भरली, बाथरूममध्ये जाऊन रडूनही घेतलं. आकडा ढिम्म ऐकेना. हळूहळू तिलाही वाटायला लागलं की आपला हातच फुटका.

बुधवारी संध्याकाळी ती आतल्या खोलीत बाटल्या लावत होती. ती गेली असं समजून सर गुणगुणत आले. दिवे मालवले, पंखा बंद केला, आणि जाता जाता नायट्रोजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्हही घट्ट पिळला.

"सर! हे काय करताय?"

"अगं बाई, आहेस होय तू? गॅस बंद केला."

"रोज करता?"

"मग! सकाळी तू यायच्या आत परत सोडतोही. आमच्या आगाशीला वाडीतला पंप बंद केल्याशिवाय माणूस घरी जात नाही. गॅस काय आभाळातून पडतो?"

हवेतूनच तर काढतात नायट्रोजन, असं अगदी तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"सर, प्रवाह थांबला की दमट हवा उलटी नळीत शिरते. मीठ रात्रभर पाणी पितं आणि सकाळी मी ओलं मीठ मोजत बसते!"

"एवढ्याने होतं असं?" सर पुटपुटले आणि डबा उचलून निघून गेले. सॉरी वगैरे काही नाही.

त्या संध्याकाळपासून व्हॉल्व्ह उघडा राहिला. गुरुवारी नळी तापवून वाळवल्यावर ऋतिकाने रीडिंग घेतली, शुक्रवारी पुन्हा घेतली. आकडे जुळे भाऊ शोभतील असे! तिला नाचावंसं वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी फोडावंसंही वाटलं.

शनिवारी मॅडमनी आकडे पाहिले. "छान. मग आधी काय बिघडलं होतं?"

ऋतिका तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "व्हॉल्व्ह गळत होता. घेतला दुरुस्त करून."

"पण हिचा हात बसला नाही म्हणत होता ना तुम्ही? मग पुढे मशीन हिच्याच हाती द्यायचं का?"

"बसेल हो हळूहळू," सर उदारपणे म्हणाले.

ऋतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थिसिसवर सही याच माणसाची लागणार होती. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे तिला कळत होतं. पण बसेल म्हणे हळूहळू!

"व्हॉल्व्ह धडधाकट आहे, मॅडम. सर रोज संध्याकाळी तो बंद करून घरी जायचे."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

"काटकसर केली जरा," ते म्हणाले. मग घशातल्या घशात म्हणाले, "हात चांगला आहे तिचा."

"जरा मोठ्याने, सर," ऋतिका म्हणाली. "आधीचं पार जिन्यापर्यंत गेलंय."